ठोकणारे आणि घासणारे: एका शिकारी सुरीचा इतिहास

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मसुदा. बसमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. रेकॉर्डिंगमधलं बोलणं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे कसं’ आणि ‘अॅक्च्युअली’ कमी केलेत.

आजचा विषय सुरी. भाजीची नाही, शिकारीची. आता शिकारीची सुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला हातभर लांब, पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा येतो. खरी कामाची शिकारी सुरी तशी नसते. तिचं पातं साडेतीन-चार इंच, पाठीकडे तीन-चार मिलिमीटर जाड, आणि टोक किंचित खाली उतरलेलं. ती जनावर मारायला नसतेच. जनावर पडल्यानंतर कातडं सोलायचं, मांस मोकळं करायचं, दोरी कापायची, काटकी तासायची, यासाठी ती असते. टोक खाली का? तर पोट उघडताना आतडं फुटू नये म्हणून. लांब पातं अशा कामात नुसतं आडवं येतं.

अशी सुरी हाताने बनवण्याचे दोन रस्ते आहेत. यूट्यूबवर त्यावरून रोज भांडणं चालतात. पहिला रस्ता फोर्जिंगचा: पोलाद तापवायचं, ऐरणीवर ठोकायचं, ठोकून ठोकून आकार आणायचा. दुसरा स्टॉक रिमूव्हलचा: पोलादाची सपाट पट्टी घ्यायची, तिच्यावर सुरीचा आकार आखायचा आणि सुरी नसलेला भाग कानशीने नाहीतर ग्राइंडरने काढून टाकायचा. ठोकणारे म्हणतात, आमचंच खरं, परंपरेचं. घासणारे म्हणतात, आमचं अचूक, आधुनिक.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण राहतो नाशिकला. इथे सातपूर-अंबडच्या शेडमध्ये सीएनसी मशीन रात्रंदिवस लोखंड कातत असतात आणि बाहेर रस्त्याच्या कडेला पालात लोखंड ठोकलं जातं. दोन्ही रस्ते एकाच गावात दिसतात. म्हणून हा वाद मुळापासून बघू म्हटलं. आणि मुळापाशी गेल्यावर दिसलं की जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हा हिशोबच उलटा आहे.

आधी फक्त घासणारेच होते

नाशिकपासून गोदावरीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या वाटेवर, गंगापूर आहे. आपण तिथे सोमेश्वरचा धबधबा बघायला जातो, मिसळ खाऊन परत येतो. त्याच नदीकाठच्या दगडगोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचं गोदावरीच्या अश्मयुगीन हत्यारांवरचं पुस्तक छापलं, त्यात हे गंगापूर आहे.

ती हत्यारं कशी बनली? एक दगड घ्यायचा, दुसऱ्या दगडाने त्याचे टवके उडवायचे, आणि उरेल ते हत्यार. किंवा उडालेला टवकाच हत्यार. दगड ठोकून पसरत नाही, वाकत नाही, जोडता येत नाही. त्यातून फक्त काढता येतं. म्हणजे माणसाची पहिली सुरी शुद्ध स्टॉक रिमूव्हलची होती. लाखो वर्षं दुसरा रस्ताच नव्हता.

नंतर हे काम फार नाजूक झालं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे सुंदर दगड तयार होतात: अकीक, कॅल्सिडोनी, जास्पर. संगमनेरजवळच्या प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळालं, ते शेतकरी लोक, साधारण इसवी सन पूर्व १४०० ते १०००, कॅल्सिडोनीची लांबट, दोन्ही कडा समांतर असलेली पाती काढत. त्यासाठी आधी दगडावर एक कंगोरा तयार करायचे. मग दाब त्या कंगोऱ्यावरून सरळ धावायचा आणि पातं सोललं जायचं. एक पातं निघालं की त्याच्या जागी दोन नवे कंगोरे तयार, पुढच्या पात्यांसाठी. याच लोकांकडे तांबंही होतं. जोर्व्यालाच तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्यात. पण तांबं महाग आणि दुर्मिळ. रोजची कापाकापी दगडाच्या पात्यांवरच चालायची. ती बोथट झाली की फेकून द्यायची आणि नवं काढायचं. आपल्या दाढीच्या ब्लेडसारखं.

सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जुन्या नाशिकात मातीच्या गढीवर आणि जोर्व्याला उत्खनन केलं. दोन्हींचा अहवाल १९५५ मध्ये एकत्र आला. गढीच्या टेकाडात खाली दगडाच्या बारीक हत्यारांचे थर आहेत आणि त्यांच्या वर लोखंड वापरणाऱ्या, नाणी पाडणाऱ्या शहराचे. ज्या गावात आपण पार्किंग शोधतो, त्याच गावाच्या पोटात हा सगळा बदल घडी घातल्यासारखा पडून आहे.

मग ठोकणारे आले

लोखंडाचं वैशिष्ट्य असं की जुन्या भट्टीत ते वितळायचंच नाही. तांबं साधारण १०८५ अंशांना वितळतं, लोखंडाला १५३८ अंश लागतात. मातीची भट्टी आणि हाताचा भाता तिथवर पोचत नसे. त्यामुळे भट्टीतून निघायचा तो मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा. तो गरम असतानाच ठोकायचा, मळी बाहेर काढायची, परत तापवायचा, परत ठोकायचा. म्हणजे ठोकणं ही आवड नव्हती, नाइलाज होता. ठोकल्याशिवाय लोखंड हातातच येत नव्हतं.

महाराष्ट्रात याचा चांगला पुरावा विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. काळ साधारण इसवी सन पूर्व ७००. जवळच्या माहूरझरीला दगडांच्या वर्तुळांखालच्या दफनांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या आणि घोड्याचे लगाम मिळाले. मेलेल्या माणसाबरोबर त्याचं हत्यार पुरलं जायचं, इतकी त्याची किंमत होती.

आणि नाशिकमधला पुरावा? तो तर हायवेवरून दिसतो. पांडवलेणी. त्रिरश्मीच्या डोंगराचा कातळ फोडून, तासून, दोन हजार वर्षांपूर्वी खोल्या, खांब आणि कोरीव दरवाजे काढलेत. आपण सातवाहनांची नावं वाचतो, क्षत्रपांचं दान वाचतो. पण जरा कारागिरासारखं बघा. आपला काळा पाषाण छिन्नीला फार लवकर बोथट करतो. साध्या मऊ लोखंडाची छिन्नी त्यावर टिकणारच नाही, तिचं टोक कडक केलेलं हवं. म्हणजे प्रत्येक कोरणाऱ्यामागे एक लोहार भट्टी पेटवून बसलेला असणार. दिवसभर छिन्न्या तापवायच्या, टोक ठोकून काढायचं, पाणी द्यायचं, परत वर पाठवायच्या. खाली ठोकणं, वर घासणं. सगळी लेणी या दोघांनी मिळून केलीत. लेण्यांना दान देणाऱ्यांतही लोहार आहेत. कान्हेरीच्या एका शिलालेखात कल्याणच्या लोहाराचं दान नोंदलेलं आहे.

मुंबईचं नाव लागलेलं पोलाद

लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा. घडीव मऊ लोखंडात तो जवळजवळ नसतोच. सुरीच्या पोलादात साधारण अर्धा ते एक टक्का. दोन टक्क्यांच्या वर गेला की ते बीड, तव्याचं. ठोकलं तर फुटतं. आपल्या जुन्या ग्रंथांनी हे भेद ओळखले होते. रसरत्नसमुच्चयात लोखंडाचे तीन प्रकार आहेत: मुंड, तीक्ष्ण आणि कांत. ‘तिखट’ आपल्याकडे मिरचीपुरतं उरलं, पण तो शब्द त्याच ‘तीक्ष्ण’च्या घरातला.

दख्खनने या बाबतीत एक कमाल केली होती. मातीच्या बंद कुपीत लोखंड आणि झाडपाला किंवा कोळसा घालून, तोंड लिंपून, तासन्‌तास तापवायचं. कार्बन आत मुरतो आणि कार्बन मुरला की लोखंड कमी तापमानाला वितळतं. कुपी फोडली की पोलादाची वडी मिळते, साधारण दीड टक्का कार्बनची. आजच्या तेलंगणात, कर्नाटकात, तमिळनाडूत या वड्या बनत आणि गोवळकोंड्याकडून इराणपर्यंत जात. इंग्रजांनी तिला ‘वूट्झ’ म्हटलं. कन्नडमधल्या ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश असं बहुतेक जण मानतात.

आता मुंबईचा संबंध. कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबईला हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. त्याने १७९४ च्या सुमारास या वड्यांचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर प्रयोग करून निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की हे पोलाद मुंबईला बनतं. बनत नव्हतं, मुंबईहून बोटीत चढत होतं. पत्ता पाठवणाऱ्याचा लागला, बनवणाऱ्याचा नाही.

पुढे जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या बनवणाऱ्याने हे पोलाद वापरलं आणि एका तरुण मदतनिसाबरोबर पोलादाच्या मिश्रणांचे प्रयोग केले. १८२० आणि १८२२ मध्ये ते छापले. त्या तरुणाचं नाव मायकल फॅरडे. होय, विजेवाला फॅरडे. आणि फॅरडेचे वडील लोहार होते. म्हणजे लंडनच्या लोहाराचा पोरगा दख्खनच्या लोहाराची वडी समजून घ्यायचा प्रयत्न करत होता. एकाचं नाव आपण दहावीच्या पुस्तकात शिकतो. दुसऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

सह्याद्रीतही लोखंड बनायचं. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातून ते गाळायचे. एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. जंगलावर सरकारी बंधनं आली, त्यामुळे कोळसा मिळेना. आणि बोटीतून इंग्लंडचं स्वस्त लोखंड आलं. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली, आणि मग ते लोखंड घाटावर आपल्या दारात आलं. भट्ट्या विझल्या. लोखंड गाळणारा संपला आणि लोखंड घडवणारा उरला, दुसऱ्याने बनवलेल्या पट्टीवर अवलंबून असलेला.

नावातच घासणं

लोहार बारा बलुतेदारांतला. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ चं ‘गावगाडा’ वाचलं असेल तर त्यात बलुत्याची सगळी पद्धत आहे: वर्षभर नांगराचा फाळ आणि विळे सांभाळायचे, सुगीला धान्य घ्यायचं. हा गावात राहणारा लोहार. त्याच्याशिवाय एक फिरता लोहारही होता, घिसाडी.

घिसाडी हे नाव घिसण्यावरून, म्हणजे घासण्यावरून पडलं असं सांगतात. गंमत बघा. ज्यांना आपण रस्त्याच्या कडेला कायम घण मारताना बघतो, त्यांच्या नावात घासणं आहे! यूट्यूबवरचा वाद या एका नावात मिटतो.

सरकारी यादीत घिसाडी भटक्या जमाती (ब) मध्ये येतात, आणि त्यांच्याच नोंदीत गाडी लोहार, चितोडी लोहार ही नावंही आहेत. मूळ राजस्थानचं सांगतात. चितोड १५६८ मध्ये पडल्यावर घर बांधून राहायचं नाही अशी शपथ घेतली, ही त्यांच्यातली परंपरेची कथा. १९५५ मध्ये पंडित नेहरू गाडिया लोहारांना घेऊन चितोडच्या किल्ल्यात गेले, ती शपथ सुटावी म्हणून. शपथ सुटली असेल. पाल मात्र अजून सगळ्यांचं सुटलेलं नाही.

दिंडोरी रोडला उसाचा आणि द्राक्ष छाटणीचा हंगाम धरून काही कुटुंबं उतरतात. मी त्यातल्या एका पालाशी दोन संध्याकाळ बसलो. जमिनीत पुरलेली ऐरण, पूर्वीच्या चामडी भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा, बाभळीचा कोळसा. दादा सांडशीत लोखंड धरतात, हातातल्या छोट्या हातोड्याने ऐरणीवर टकटक करून जागा दाखवतात, आणि मावशी घण मारतात. सात-आठ किलोचा तो घण. एकदा दादांनी हातोडा ऐरणीवर आडवा टाकला की मावशी थांबतात. एक शब्द बोलावा लागत नाही.

लोखंड कुठलं? ट्रकच्या कमानीचा पाटा. मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक कमी नाहीत, तुटक्या पाट्यांनाही तोटा नाही. कमानीचं पोलाद म्हणजे साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन आणि वर सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. खड्ड्यात वाकून सरळ होण्यासाठीच ते बनवलेलं. त्याची सुरी सहजासहजी तुटत नाही, धार बरी टिकते आणि गेली तरी दगडावर पटकन येते.

मी विचारलं, “मावशी, हा पाटा चांगला की वाईट ते कसं कळतं?”

त्या म्हणाल्या, “घणाला कळतं भाऊ. मऊ असलं तर घण बसतो. चांगलं असलं तर परत येतो.”

एक पॅकार्ड गाडी आणि एक ट्रक

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण आजच्या शिकारी सुरीचा आकार तिथल्या एका माणसाने जगभर नेला. बॉब लव्हलेस, जन्म १९२९, मृत्यू २०१०. तेलवाहू जहाजावर काम करायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दुकानात तो एका नावाजलेल्या कारागिराची सुरी घ्यायला गेला. त्याला सांगितलं, काही महिने थांबावं लागेल. वैतागून त्याने भंगारातून जुन्या पॅकार्ड मोटारीच्या कमानीचा पाटा उचलला आणि जहाजावरच पहिली सुरी बनवली.

म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या शिकारी सुऱ्यांची सुरुवात कुठून? कमानीच्या पाट्यापासून. दिंडोरी रोडच्या पालात पडलेला असतो, अगदी तोच माल.

नंतर लव्हलेस स्टॉक रिमूव्हलकडे वळला. त्याच्यामागे त्या रस्त्याला प्रतिष्ठा आली, आणि टोक खाली उतरलेली ‘ड्रॉप पॉइंट’ सुरी त्याच्याच नावाने लोकप्रिय झाली. ते शक्य झालं कारण काळ बदलला होता. कारखान्यातून एकसारखं, सपाट, मोजून कार्बन घातलेलं पोलाद मिळायला लागलं होतं. ठोकून मळी काढायची गरजच उरली नव्हती. आणि क्रोमियम भरपूर असलेली स्टेनलेस जातीची पोलादं ठोकायला फार कठीण असतात, त्यांना घासणंच सोयीचं.

म्हणून मी म्हटलं हिशोब उलटा आहे. दगडाच्या काळात घासणं, कारण दगड ठोकता येत नाही. लोखंड आल्यावर ठोकणं, कारण त्याशिवाय लोखंड शुद्ध होत नाही. कारखाना आल्यावर परत घासणं, कारण शुद्ध करायचं काम आधीच झालेलं. प्रत्येक वेळी माल ठरवतो, माणूस नाही. हातात कमानीचा पाटा असेल तर तो आधी तापवून सरळ करावाच लागतो, तिथे ठोकण्यावाचून सुटका नाही. आणि कितीही सुबक ठोकलं तरी शेवटची धार घासूनच येते.

फरक आहे तो वाया जाण्याचा. ठोकताना पट्टीतलं पोलाद पसरून पात्यात जातं, फार थोडं जळून पापुद्रा होऊन उडतं. घासताना बराच भाग भुकटी होऊन जमिनीवर पडतो. ज्याला पोलाद किलोने विकत घ्यावं लागतं आणि लाइटबिल परवडत नाही, तो ठोकणार. ज्याच्याकडे वीज आणि बेल्ट ग्राइंडर आहे आणि वेळ महाग आहे, तो घासणार. परंपरा वगैरे नंतर.

खरी गोष्ट पाण्यात

पण मंडळी, सुरी यातल्या कुठल्याच रस्त्याने तयार होत नाही. ठोकून किंवा घासून होतो तो फक्त आकार. त्या आकाराने तुम्ही टोमॅटो कापाल, पण हाडाला लागला की धार वळेल. त्याची सुरी होते ती पाणी दिल्यावर.

आपण ‘पाणीदार’ म्हणतो, ‘त्याच्यात पाणी आहे’ म्हणतो. तलवारीला दिलेलं पाणी ते हेच असावं असं मला वाटतं. होतं काय? पोलाद ८०० अंशांच्या वर तापलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्या मांडणीत विरघळतो. हळू थंड केलं तर कार्बन सावकाश बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होतं. झटकन थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि सगळी मांडणी ताणली जाते. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती काचेसारखी कडक आणि काचेसारखीच ठिसूळ. सुरी हातातून पडली तर दोन तुकडे.

तापमान कसं ओळखायचं? शहरातला हौशी कारागीर लोहचुंबक लावून बघतो. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं. दादा रंग बघतात. म्हणून पाणी द्यायचं काम ते उन्हात करत नाहीत. दिवे लागायच्या वेळेला करतात, कारण उन्हात लाल रंग फसवतो.

बुडवायचं कशात, हाही प्रश्न आहे. कमानीचं पोलाद साध्या पाण्यात पूर्ण बुडवलं तर बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून हौशी मंडळी कोमट तेल वापरतात. दादा पाणीच वापरतात, पण फक्त धारेची कड बुडवतात, पाठ वर ठेवून. धार कडक होते, पाठ मऊ राहते. म्हणजे एकाच पात्यात दोन स्वभाव.

मग दुसरा टप्पा, उतार देण्याचा. पाठीत अजून उष्णता शिल्लक असते. दादा धारेवरची काळी साय दगडाने घासून पोलाद उघडं करतात आणि बघत बसतात. पाठीतली उष्णता धारेकडे सरकते आणि चकचकीत पोलादावर रंग चालत येतात. आधी फिकट पिवळा, वाळल्या गवतासारखा, साधारण सव्वादोनशे अंशांना. मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या जवळ निळा. सुरीला पिवळा हवा, म्हणजे धार टिकते. कुऱ्हाडीला जांभळ्याच्या जवळ, म्हणजे घाव सोसते. हवा तो रंग धारेवर आला की परत पाण्यात, आणि तिथेच थांबवायचं. हे सगळं काही सेकंदांत. शहरातला हौशी कारागीर तेच काम ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन-दोन तास ठेवून करतो. परिणाम एकाच जातीचा. फक्त एकाकडे थर्मोस्टॅट आहे आणि दुसऱ्याकडे डोळा.

मी दादांना विचारलं, हे कुणी शिकवलं? ते हसले आणि म्हणाले, “लहानपणी बापाशेजारी बसायचो. रंग चुकला की टपली बसायची.”

शिकार संपली, हत्यार राहिलं

ज्यांची शिकारीवर उपजीविका होती, त्यांचं काय झालं? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पारधी त्यात अडकले. १८७८ च्या आर्म्स अॅक्टने शस्त्र बाळगण्यावर परवान्याची पकड आली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गुन्हेगारीचा शिक्का कागदावरून पुसला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळपास पूर्ण बंद झाली. ते बरंच झालं, त्यात मला शंका नाही. पण यामुळे भारतात ‘शिकारी सुरी’ ही बिनशिकारीची सुरी आहे. ती ट्रेकला जाते, शेतात जाते, मासे साफ करते.

कायदा विचारताय म्हणून सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची नोंद शस्त्र म्हणून आहे, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. चार इंची सुरी त्या मापात येत नाही. तरी शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यामुळे कमरेला लावून कॉलेज रोडला फिरायची हौस करू नका.

ही हौस काहींनी केली, आणि त्याची किंमत दुसरेच देतायत. ‘कोयता गँग’ हा शब्द गेल्या काही वर्षांत बातम्यांत इतका आला की कोयता म्हटलं की आपल्याला गुन्हाच आठवतो. आपल्याच राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. लाखो माणसांच्या मजुरीचं एकक आहे तो शब्द. आणि तो कोयता घडवणाऱ्या पालात आता कुणी मोटरसायकल थांबवून उतरलं की आधी मावशींच्या चेहऱ्यावर प्रश्न येतो: गिऱ्हाईक की चौकशी? त्या मला म्हणाल्या, “पोरगं म्हणून आलेलं दिसलं की आम्ही मोठा कोयता दाखवतच नाही. शेतकऱ्याला दाखवतो.”

मालाला गिऱ्हाईक निवडायची वेळ आलेली ही माणसं. त्यांच्या विळ्याला रस्त्यावर दोन-अडीचशे मिळतात आणि आपण त्यातही वीस कमी करायला सांगतो. लव्हलेसच्या सुऱ्या संग्राहक हजारो डॉलरना घेतात. माझं म्हणणं असं नाही की दोन्ही सारख्याच आहेत. लव्हलेसची सफाई, मुठीची जुळणी, आकाराचा विचार, हे खरोखर मोठं काम आहे. पण पाट्यातून धार काढायचं जे मूळ ज्ञान आहे, ते दोघांकडेही आहे. एकाने प्रत्येक पात्यावर आपलं नाव कोरलं. दुसऱ्याकडून आपण वस्तू घेतली आणि नाव कधी विचारलंच नाही. १७९५ च्या लंडनमध्येही हेच झालं होतं.

दादांचा मोठा मुलगा अंबडला एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर आहे. मायक्रोनमध्ये काम करतो, महिन्याला पगार येतो, आणि त्याला पाल नको आहे. त्यात वाईट काय? घिसाड्याचा मुलगा परत घासण्याकडेच गेला. फक्त तो रंग बघायला शिकलेला नाही. त्याच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंट बाहेर पाठवतात आणि तिथलं काम तापमानाचे आकडे दाखवणारी भट्टी करते. रंग ओळखणारे त्या पालात आता दादा आणि मावशी, दोघंच.

तुमच्यापैकी कुणाला सुरी बनवायची असेल, तर ग्राइंडर घ्यायच्या आधी एक करा. तुमच्या गावाबाहेर पाल पडलं असेल तिथे संध्याकाळी जा. चार इंच पात्याची, टोक खाली उतरलेली सुरी सांगा, कागदावर आखून द्या. भाव करू नका. आणि पाणी देताना बघायला बसायची परवानगी मागा. पिवळा रंग धारेवर येतो तो क्षण व्हिडिओत नीट दिसत नाही, कॅमेरा लाल-पिवळ्यात गोंधळतो. तो समोर बसूनच बघावा लागतो. निघताना त्यांचं नाव विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तर पात्यावर छिन्नीने घालून घ्या.

पुढच्या भागात याच लोखंडाचा दुसरा पत्ता: घोड्याचा नाल आणि नालबंद. तोवर हा भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्याकडे आजोबांचा अडकित्ता, विळी किंवा कोयता असेल तर तो कुणी घडवला होता हे घरात विचारून मला कळवा. भेटू.